ड्रमची तोटी

बाबा, काल इथं वाशीमला एका दवाखान्याच्या व्हरांड्यात एका परक्या माणसानं माझ्या थोबाडीत दोन ठेवून दिल्या. पहिली बसली तेव्हा चष्मा उडाला, दुसरी बसली तेव्हा तुमची आठवण आली. बेचाळीस वर्षांची बाई मी, दोन खोल्यांच्या कॉम्प्युटर क्लासची मालकीण, बाजारात भाजी घेताना लोक मला मॅडम म्हणतात, आणि मार पडताक्षणी माझे दोन्ही हात गालांवर न जाता कानांवर गेले. तुमच्या घरची सवय. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तो पट्टा कधीचा कुजून गेला असेल, पण हातांना ते कोणी कळवलं नाही. आज दुपारची बॅच मी सोडून दिली. पोरी गेल्या, पंखे बंद केले, आणि प्रॅक्टिकलच्या जुन्या कागदांच्या कोऱ्या बाजूवर तुम्हाला लिहायला बसले आहे. हे कुठं टाकायचं ते मला माहीत नाही. तुमच्यासमोर एक सरळ वाक्य बोलायची माझी कधी छाती झाली नाही. आता तुम्ही मधेच उठून खुंटीकडे हात नेऊ शकत नाही, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

आधी आपलं कामरगावचं घर. एका कोपऱ्यात चूल, मांडणीवर पाच ताटं, आणि दाराशी तो लोखंडी ड्रम. ताटांवर आईनं कारंज्याच्या भांड्याच्या दुकानात बसून नावं कोरून घेतली होती. तुमचं, तिचं, ताईचं, माझं, धाकट्याचं. कोणी कोणाच्या ताटात जेवायचं नाही, हा तिचा कायदा. ड्रम मात्र सगळ्यांचा मिळून एक. तुम्ही कामाला होतात त्या कारंज्याच्या जिनिंगमधला, कापसाच्या कारखान्यातला, तेलाचा रिकामा ड्रम तुम्ही जीपच्या टपावर बांधून आणला, चार दिवस सोड्यानं आणि राखेनं घासला, आणि खाली तोटी स्वतःच्या हातानं वेल्डिंग करून बसवली. गल्लीत तशी तोटी कोणाकडे नव्हती, त्याचा तुम्हाला केवढा तोरा! उन्हाळ्यात नळ बारा-बारा दिवस येत नसे, तेव्हा सगळं घर त्या ड्रमवर जगायचं. हेच मी आता वर्गात दरवर्षी सांगते. प्रोग्राममध्ये आपण एक साचा बनवतो, त्याला क्लास म्हणतात, आणि त्या साच्यातून हव्या तेवढ्या वस्तू काढतो. काही गोष्टी प्रत्येक वस्तूच्या स्वतःच्या असतात, काही सगळ्यांत मिळून एकच. पोरींच्या डोक्यात हे शिरत नाही, मग मी आपल्या बोलीवर येते. "तुमच्या घरी ताटावर नाव हाय ना? ते इन्स्टन्स. ज्याचं त्याले. अन् पान्याचा ड्रम स्टॅटिक. घरात मानसं पाच असो का पन्नास, ड्रम एकच. ताटात मीठ जास्त पडलं तर एकाचं जेवन बिघडते. ड्रमात पडलं तर सगळ्यायचं." पोरी हसतात, पण परीक्षेत बरोबर लिहितात.

तुमचा राग तसा होता, बाबा. सगळ्यांत मिळून एक. धाकट्यानं पाटी फोडली की तिघांना मार, मी दूध उतू घालवलं की तिघांना मार. "एकानं केलं म्हंजे तिघायनं केलं," असं म्हणायचात आणि आम्हाला भिंतीशी ओळीनं उभं करायचात, उंचीप्रमाणे. आधी ताई, मग मी, मग धाकटा. खुंटीवर जिनिंगच्या पट्ट्याचा हातभर तुकडा टांगलेला असायचा, टोकाला जोड द्यायची लोखंडी क्लिप तशीच. तो पट्टा हवेत फिरला की आधी आवाज यायचा, आणि त्या आवाजानंच धाकट्याची चड्डी ओली व्हायची. आजही कोणी चादर झटकली की मी खोलीबाहेर जाते. मी लग्न का केलं नाही असं लोक विचारतात तेव्हा मी हसून वेळ मारून नेते. काय सांगू? की घरात पुरुषाची चप्पल वाजली की मला अजून कोपरा शोधावासा वाटतो?

पण तुमचं एक मला माहीत आहे, आणि ते सांगितलं नाही तर मी लबाड ठरेन. मी नऊ वर्षांची आहे, आईसोबत तुमचा डबा घेऊन कारंज्याला आले आहे. जिनिंगच्या त्या लांब खोलीत कापसाची धूळ इतकी की माणसांच्या भुवया पांढऱ्या. एक लांब लोखंडी दांडा फिरतो आहे, त्याच्यावरून पट्टे उतरले आहेत, आणि एकेका पट्ट्यावर सरकी काढायचं एकेक यंत्र, एकेक जिन, खडखडते आहे. तुम्ही मला उचलून दाखवता, "पाह्य, दांडा एक. थो फिरला का सगळ्या फिरते." तुमच्या डाव्या हाताला तेव्हाही तीनच बोटं होती. मी जन्मायच्या आधी, दांडा बंद असताना, तुम्ही पट्टा चढवायला आत हात घातला, आणि पलीकडून कोणी तरी बटण दाबलं. सगळ्यांचं एकच बटण. हात बाहेर ओढून, रक्त गळत, तुम्ही विचारलं होतं, "कोनं दाबलं?" हे तुम्ही जेवताना शंभरदा सांगितलंय. "चाळीस मानसं उभे व्हते. मायचे लाल खाली मान घालून उभे व्हते. एकाच्याबी तोंडातून 'मी' निंगालं नाई." बोटांपेक्षा तुम्हाला ते जास्त लागलं होतं. म्हणून तुम्ही आमच्या तिघांतून तो 'मी' पट्ट्यानं झोडून काढायला बघायचात. मला ते कळतं. पण कळलं म्हणून माफ केलं असं समजू नका.

आता तो दिवस. मे महिना, नळ येऊन नऊ दिवस झालेले. तुम्ही पहिली पाळी करून दुपारी घरी आलात आणि दारातच थांबलात, कारण उंबऱ्यापासून अंगणापर्यंत चिखल झाला होता आणि त्यात शेजारणीच्या कोंबड्या पाणी पीत होत्या. ड्रमची तोटी उघडी. कोणी तरी पाणी घेऊन ती नीट बंद केली नव्हती आणि पाचही जणांचं तीन दिवसांचं पाणी वाहून गेलं होतं. आई शेजारच्या शेतात धसकटं काढायला गेली होती. तुम्ही डबा खाली ठेवला, खुंटीवरून पट्टा काढला आणि भिंतीकडे बोट केलं. ताई पंधराची, मी बाराची, धाकटा आठचा. "कोनं उघडी ठेवली?" कोणी बोललं नाही. एक फेरी झाली. "कोनं उघडी ठेवली?" दुसरी फेरी झाली. धाकटा गुरासारखा ओरडत होता, माझ्या पोटऱ्या फुटल्या होत्या, आणि तुमचं तोंड पांढरं पडलं होतं, जणू मार तुम्हालाच बसत होता. तिसऱ्या फेरीला तुम्ही धाकट्यापासून सुरुवात करायला निघालात. तेव्हा ताई भिंतीपासून सुटली आणि म्हणाली, "मी. बाबा, मी. त्यायले सोडा."

मग तुम्ही आम्हा दोघांना सोडलंत आणि तिला धरलंत. किती मारलंत ते मी मोजलं नाही, मी भिंतीकडे तोंड केलं होतं. आवाज मोजता आले असते. मग एक वेगळाच आवाज आला, आणि ताई खाली बसली, दोन्ही हातांनी डावा कान धरून. क्लिप लागली होती. बोटांच्या फटीतून रक्त कोपरापर्यंत उतरलं. आई धावत आली, हातातलं खुरपं तिनं तुमच्यावर उगारलं आणि म्हणाली, "आता मारा! मारा, पाह्यते मी!" तुम्ही पट्टा टाकलात. आणि संध्याकाळी, ताईच्या कानात कापूस, आईचा अबोला, चूल थंड, तेव्हा तुम्ही मला आणि धाकट्याला समोर बसवून काय म्हणालात, आठवतं? "तुमच्या बहिनीले पाह्या. चाळीस मर्दायले जे जमलं नाई, थे ह्या पोरीनं केलं. तुमी दोघं मुके. जीभ झडली व्हती काय?" तिचा कान पुढं चार महिने वाहिला. डॉक्टर म्हणाले, पडदा फाटला, आता या कानानं ऐकू येणार नाही. तुम्ही डॉक्टरांना सांगितलंत की पोरगी पायरीवरून पडली.

आणि मग तो तांब्या. महिनाभरानं तुम्ही कारंज्याहून छोटा स्टीलचा तांब्या आणलात, ताईचं नाव कोरलेला. आपल्या घरात पाणी प्यायला एकच पेला होता, ड्रमवर पालथा घातलेला, सगळ्यांचा. ताईचा तांब्या फक्त ताईचा. तुम्ही तो तिच्या उशाशी ठेवलात, तुम्हाला माफी मागता येत नव्हती तेव्हा तेवढंच जमलं असेल. तिनं तो घेतला. लग्नात सासरी नेला. आजही त्यातूनच पाणी पिते. मला त्या तांब्याचा इतका हेवा वाटायचा, बाबा, की एकदा मी त्यात थुंकले आणि मग धुऊन ठेवला. का, ते पुढं सांगते. आधी कालचं पुरं करू द्या.

क्लासशिवाय मी लोकांना सॉफ्टवेअरही करून देते. तीन वर्षांपूर्वी इथल्या एका तपासणी लॅबला करून दिलं. रक्त, लघवी तपासायची, निकाल भरायचा, रिपोर्ट छापायचा. दुसऱ्या दिवशी लॅबचं उद्घाटन होतं आणि मशीन एकाच चुकीवर अडून बसलं होतं, लाल अक्षरात तेच तेच ओरडत होतं. माझं डोकं सटकलं. 'निकाल' ही ओळ प्रत्येक रिपोर्टची स्वतःची हवी होती, ताटासारखी. मी तिच्यापुढं 'स्टॅटिक' असा एक शब्द चिकटवला, आणि मशीन गप्प झालं. हे पाप माझ्या वर्गातल्या पोरी रोज करतात आणि मी त्यांच्यावर रोज खेकसते, "कॉम्प्युटर बोंबलला म्हनून त्याचं तोंड बंद करू नका! तो काहून बोंबलून राह्यला ते पाह्या!" आणि मी स्वतः तेच केलं. म्हटलं, नंतर दुरुस्त करू. तीन वर्षं काही झालं नाही, कारण लॅबमध्ये टेबल एकच होतं. एक रिपोर्ट भरायचा, छापायचा, मग दुसरा. ड्रम एकच असला तरी प्यायला माणूस एकच होता. गेल्या महिन्यात त्यांनी शेजारी दुसरं टेबल टाकलं आणि तेही त्याच प्रोग्रामला जोडलं. मला फोन करून सांगितलं सुद्धा, "मॅडम, आता डबल स्पीड!" मी म्हटलं, वा, छान.

मागच्या आठवड्यात रिठदकडची एक पोरगी पोटात दुखतं म्हणून बापासोबत आली. अठरा-एकोणीसची, कॉलेजात जाणारी. डॉक्टरांनी बाकीच्या तपासण्यांबरोबर दिवस गेलेत का तेही बघायला सांगितलं होतं, तरुण पोरींचं बघतातच. तिचा निकाल एका टेबलावर भरला गेला, 'नाही'. त्याच मिनिटाला शेजारच्या टेबलावर एका लग्न झालेल्या बाईचा भरला गेला, 'आहे'. मग दोन्ही कागद छापले गेले. निकालाची जागा दोघींत मिळून एकच, शेवटचं भरलेलं तेच दोघींच्या कागदावर उतरलं. बापानं कागद तिथंच वाचून घेतला आणि खिशात घातला. पुढचं तिच्या आईनं मला नंतर सांगितलं. घरी जाऊन दाराला आतून कडी घातली आणि पाइपाच्या तुकड्यानं तिला मारलं. ती "बाबा, नाई, बाबा, नाई" म्हणत राहिली आणि तो "कोन हाय थो, नाव सांग" म्हणत राहिला. नसलेलं नाव ती कुठून सांगणार? शेवटी शेजाऱ्यांनी दार तोडलं. उजवा हात दोन ठिकाणी मोडला, डोक्याला सात टाके. दवाखान्यात हाताचा फोटो काढायच्या आधी त्यांनी पुन्हा तीच तपासणी केली, आणि तिथं निकाल आला, नाही.

मला लॅबच्या डॉक्टरांचा फोन आला तेव्हा मी वर्गात ताटं आणि ड्रमच शिकवत होते, खोटं वाटेल, पण खरं आहे. गेले. तोवर पोरीचे दोन काका लॅबमध्ये येऊन गेले होते. तिथं एक टेक्निशियन बाई आहे, नवऱ्याविना दोन लेकरं वाढवणारी, मान खाली घालून काम करणारी. डॉक्टरांनी त्या लोकांना सांगून टाकलं होतं की हिनं नमुने बदलले. त्यांनी तिला केसाला धरून टेबलावर आपटलं. ओठ फाटला होता, काचा सगळीकडे, आणि ती बाई फाटक्या ओठानं एकच सांगत होती, "म्या नाई बदलले. म्या दोनदा पाह्यलं व्हतं." मी खुर्चीवर बसले, प्रोग्राम उघडला, आणि पाच मिनिटांत तो शब्द दिसला. डॉक्टरांनी विचारलं, "सॉफ्टवेअर ठीक आहे ना, मॅडम?" त्या लॅबमध्ये, त्या गावात, ती ओळ वाचता येणारी मी एकटी होते. आणि मी म्हटलं, "हो. ठीक आहे." ती बाई माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही. भिंतीकडे पाहिलं.

दोन दिवस मी जेवले नाही असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं, पण मी जेवले. वर्गही घेतले. गुपचूप तो शब्द काढून टाकला. बाईला कामावरून काढलं हे कळलं, तरी गप्प बसले. मग तिसऱ्या दिवशी कळलं की पोरीचा बाप दुसरा रिपोर्ट मानायलाच तयार नाही. म्हणतो, पैसे चारून बदलला. म्हणतो, कॉलेज बंद, बरी झाली की मिळेल त्या घरी देऊन टाकतो. मला त्याचं मन आरशासारखं दिसलं. दुसरा कागद खरा मानला तर आपण कोणाचा हात मोडला, हे त्याला रोज बघावं लागेल. त्यापेक्षा पोरगी वाईट असलेली बरी. आणि पहिला कागद चुकला कसा हे सांगू शकणारी मी एकटी. मी लॅबच्या डॉक्टरांकडे गेले आणि खरं सांगितलं. ते उठून दार लावून आले. "मॅडम, डोकं ठिकाणावर आहे का? झालं ते झालं. ती बाई गेली, विषय संपला. तुम्हाला पुन्हा कोणी काम देईल का या गावात?" मी म्हटलं, "नका देऊ."

तर काल. व्हरांड्यात तो माणूस बाकावर बसला होता. हडकुळा, बोटांना हळदीचा पिवळा रंग, डोळे तांबरलेले. मला वाटलं होतं राक्षस दिसेल, आणि तो तुमच्यासारखा दिसत होता. कोपऱ्यात पाण्याची टाकी होती, तोटीची, बाजूला बायका आपापले डबे धुवत होत्या. मी म्हटलं, "भाऊ, ह्या डब्यांवर नावं आहेत ना? ज्याचा डबा त्याचा. आणि पाण्याची टाकी सगळ्यांची एक." तो म्हणाला, "मंग?" मी म्हटलं, "रिपोर्टात निकालाची जागा डब्यासारखी पाहिजे होती, ज्याची त्याला. ती टाकीसारखी झाली. शेजारच्या टेबलावर एका बाईचा निकाल भरला, तो तुमच्या पोरीच्या कागदावर उतरला. तुमची पोरगी पहिल्यापासून खरं बोलत होती." त्यानं आधी टाकीकडे पाहिलं, नंतर डब्यांकडे. मग हळू म्हणाला, "म्हंजे दुसरीचं माह्या पोरीच्या कागदावर आलं." "हो." "तपासनाऱ्या बाईनं केलं?" "नाही. त्या बाईची काही चूक नाही." "मंग कोनं केलं?"

बाबा, तेच शब्द. त्याच आवाजात. माझी पाठ आपोआप भिंतीला टेकली. आणि मी म्हटलं, "मी."

त्यानं मारलं. एक, आणि चष्मा. दोन. लोक धावले, त्याला धरलं, पण त्याचं माझ्याकडे लक्षच नव्हतं, तो खिडकीच्या गजावर आपलं मनगट आपटत होता, पुन्हा पुन्हा, ज्या हातानं पाइप धरला त्याच हाताचं, आणि म्हणत होता, "नाई म्हने थे. नाई म्हने. म्या आयकलं नाई." कातडी सोलून निघाली तरी थांबेना. मी आत पोरीकडे गेले. तिनं सगळं ऐकलं होतं. तिच्या एका डोळ्यावर सूज होती, दुसऱ्यानं तिनं मला नीट पाहून घेतलं आणि आईला म्हणाली, "आई, बाबाले आत नको येऊ देऊ. सांग त्यायले." मग मला म्हणाली, "मॅडम, हे लिहून द्या. सही करून द्या. मले कॉलेजात दाखवाले लागन, गावात बी लागन." मी तिथंच स्टुलावर बसून लिहून दिलं, चूक माझी, सही केली, पर्समधून काढून क्लासचा शिक्का मारला. तशीच एक प्रत घेऊन टेक्निशियन बाईच्या घरी गेले. तिच्या ओठाला टाका होता. तिनं कागद दोनदा वाचला, तिची ती सवय, आणि म्हणाली, "बरं केलं तुमी. पन दोन दिवस काहून लागले?"

तिला दोन दिवसांचं नवल वाटलं. मला तीस वर्षं लागली आहेत, बाबा. त्या दिवशी आई शेतात गेल्यावर मी कोंबड्यांना थोडंसं पाणी द्यावं म्हणून तोटी उघडली होती. थोडंसंच. मग शेजारच्या पोरी गल्लीत चौकोन आखून टिक्कर खेळायला बोलवायला आल्या आणि मी पळाले, ती तुम्हाला येताना पाहूनच परत आले. ड्रमची तोटी मी उघडी ठेवली होती. ताई तेव्हा घरातच नव्हती, ती सरपण आणायला गेली होती, तुमच्या मागोमाग मोळी घेऊन आली, तुम्ही एवढंही पाहिलं नाहीत. दोन फेऱ्या होईपर्यंत तो शब्द माझ्या जिभेवर होता, आणि तिसऱ्या वेळी ताईनं तो माझ्या तोंडातून काढून घेतला. तुम्ही ज्या खरं बोलण्यासाठी तिला तांब्या दिलात ते खोटं होतं. चाळीस माणसांतला तो बटण दाबणारा, ज्याला तुम्ही जन्मभर शिव्या घातल्यात, तो तुमच्या घरात, तुमच्या समोर, दुसऱ्या नंबरवर उभा होता.

तुम्हाला हे सांगणं सोपं आहे, तुम्ही नाही आहात. त्या बापाला सांगणंही त्या मानानं सोपंच गेलं, दोन थपडांत सुटले. मघाशी, हे लिहिता लिहिता, ताईचा व्हिडिओ कॉल आला होता. नेहमीसारखी उजवी बाजू फोनकडे करून बसली होती, मागं ओट्यावर तिचा तांब्या दिसत होता. "अवं, गाल काहून सुजला तुहा?" म्हणाली. मी म्हटलं, दाढ दुखून राह्यली.